इंडिओचं घड्याळ, फ्रँकचे डोळे: स्पॅघेटी वेस्टर्नमधले खलनायक मनातून का जात नाहीत?

चंद्रमौळी

मंडळी, स्पॅघेटी वेस्टर्न, म्हणजे इटालियन दिग्दर्शकांनी काढलेले काउबॉय सिनेमे, यावरचा हा धागा खूप दिवस डोक्यात होता. परवा रात्री 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' (१९६५) पुन्हा पाहिला, नंतर झोपच लागेना, म्हणून आज लिहायला बसलो.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो आठवीत. आमच्या वाड्यात गणपतीत व्हीसीआर भाड्याने आणायचे. दोन हिंदी सिनेमे झाले की मोठी मुलं तिसरी कॅसेट लावायची आणि आम्ही लहान पोरं सतरंजीवर झोपेचं सोंग घेऊन पाहायचो. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. क्लिंट ईस्टवूडचा पोंचो मला घोंगडीच वाटली होती. नायक मंडळी त्या रात्रीनंतर पुसट होत गेली. राहिला तो खिशातलं घड्याळ उघडून त्यातलं गाणं ऐकणारा, घामेजलेला, डोळे हरवलेला माणूस. एल इंडिओ. जान मारिया व्होलोन्ते या नटाने केलेला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी तो प्रसंग सांगतो. पडक्या चर्चमध्ये इंडिओची टोळी बसलेली. ज्याने इंडिओला पकडून दिलं त्या माणसाला बायको आणि तान्ह्या मुलासकट आणलंय. बायको-मुलाला बाहेर नेतात, गोळ्यांचे आवाज येतात. मग इंडिओ त्या माणसाला पिस्तूल देतो आणि घड्याळ उघडतो. गाणं थांबलं की पिस्तूल काढायचं. घड्याळाची किणकिण हळूहळू मंदावत जाते, त्या माणसाच्या गालावरून घाम आणि अश्रू एकत्र ओघळतात. गाणं थांबतं. माणूस पडतो. आणि इंडिओ? त्याला आनंद होत नाही. तो गांजाची सिगारेट ओढतो आणि कुठेतरी दूर निघून जातो. तो कुठे जातो ते दिग्दर्शक सर्जिओ लिओने आपल्याला तुकड्यातुकड्यांत दाखवतो: एक खोली, एक तरुण जोडपं, तेच घड्याळ.

माझं म्हणणं एवढंच की क्रूर खलनायक ढिगाने आहेत. इंडिओ लक्षात राहतो, कारण त्याला स्वतःलाच काहीतरी विसरता येत नाही. तुम्हाला काय वाटतं? फक्त लिओनेच नको, कोर्बुची, सोलिमा, कोणाही दिग्दर्शकाचा खलनायक घ्या.

तिसरी घंटा

फार आवडीचा विषय काढलात, चंद्रमौळी. मी हौशी रंगभूमीवर तीसेक वर्षं काढली आहेत, त्यामुळे माझं लक्ष नटाकडे जातं. व्होलोन्ते मुळात नाटकवाला. रोमच्या राष्ट्रीय नाट्य अकादमीत शिकलेला. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'मध्ये (१९६४) रामोन रोहो त्यानेच केला होता, पण श्रेयनामावलीत नाव 'जॉन वेल्स' असं अमेरिकी! ईस्टवूड जितका थंड, तितका हा उकळणारा. एकाच चौकटीत दोन वेगळ्या शाळांचे नट उभे केल्यावर जी ठिणगी पडते, ती रंगमंचावर काम केलेल्या कोणालाही ओळखू येईल.

पण 'विसरता न येणं' हे सगळ्यांना लागू पडत नाही असं मला वाटतं. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मधला (१९६६) एंजल आइज घ्या, ली व्हॅन क्लीफने केलेला. इटालियन आवृत्तीत त्याचं नाव सेन्तेन्झा. याला भूतकाळच नाही. त्याची एंट्री आठवा. वाळवंटातलं घर, अंगणात रहाट, रहाटाला जुंपलेल्या जनावरावर बसलेला पोरगा. लांबून एक घोडेस्वार येतो. पोरगा उतरून आत पळतो. पाहुणा दारात उभा राहतो. घरधनी जेवायला बसलेला. बायको-पोरं निमूट आत जातात. हा येऊन समोर बसतो, स्वतःच वाढून घेतो आणि लाकडी चमच्याने जेवायला लागतो. एक शब्द नाही. सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटं झालेली असतात, तरी तोवर पडद्यावर कोणी बोललेलं नाही. शेवटी तोंड उघडतो तो घरधनी, कारण त्याला ती शांतता सोसत नाही.

तो ज्या चवीने जेवतो ना, त्यानेच माझ्या अंगावर काटा आला होता. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणतात. हा माणूस ज्याच्या ताटात जेवतो त्यालाच टेबलाखालून गोळी घालतो, बंदूक घेऊन आलेल्या थोरल्या मुलालाही मारतो, मेलेल्याने देऊ केलेले हजार डॉलर खिशात घालतो, आणि मग ज्याने सुपारी दिली त्याच्याकडे जाऊन त्यालाही मारतो. का? तर पैसे दोघांचे घेतले, काम दोघांचं पूर्ण करायला हवं. त्याच्या लेखी हा सचोटीचा व्यवहार आहे.

पुढे युद्धकैद्यांच्या छावणीतही हेच. टुकोला, म्हणजे सिनेमातल्या 'अग्ली'ला, आधी समोर बसवून जेवू घालतो, मग त्याचे हाल सुरू होतात.

कोंदण

वाचतेय. सिनेमे यातले दोनच पाहिलेत, पण तिसरी घंटा, मिठाचं वाचून मला एकदम गब्बर आठवला. तो मिठाचा संवाद तर घराघरांत पाठ आहे. यावर कोणीतरी लिहा ना.

रीळ

माझा व्यवसाय ध्वनिसंकलनाचा, म्हणून कानाने उत्तर देतो.

हे सिनेमे चित्रीकरणाच्या वेळी आवाजाशिवाय घेतले जात. इटालियन, स्पॅनिश, अमेरिकी, जर्मन नट आपापल्या भाषेत बोलायचे, आवाज नंतर चढवायचे. इंग्रजी आवृत्तीत आपण इंडिओचा जो आवाज ऐकतो, तो व्होलोन्तेचा नाहीच. याचा एक विलक्षण फायदा झाला. पडद्यावर जो आवाज आहे तो कोणीतरी ठरवून ठेवलेला आहे. आपसूक आलेला एकही नाही. त्यामुळे खलनायक यायच्या आधी त्याचा आवाज येतो, किंवा बाकीचे आवाज निघून जातात.

'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८). मॅकबेनच्या घरी लग्नाच्या जेवणाची तयारी, अंगणात टेबलं मांडलेली. सगळीकडे किड्यांची किरकिर. अचानक ती बंद पडते. मॅकबेन मान वर करतो. काही दिसत नाही. किरकिर पुन्हा सुरू होते, आपणही सैलावतो. पुन्हा बंद. खलनायक फ्रँक अजून चौकटीत नाही, पण त्या माळावरच्या प्रत्येक जिवाला तो आलेला कळलंय. आणि हत्याकांडाच्या शेवटी लहान मुलावर रोखलेलं पिस्तूल सुटतं, तेव्हा गोळीच्या आवाजातूनच आगगाडीची किंकाळी निघते आणि आपण स्टेशनवर पोचतो. मी संकलन शिकवतो तेव्हा हा एक जोड न चुकता दाखवतो. मारेकऱ्याला पाठवलंय रेल्वेने, हे त्या जोडाने सांगून टाकलंय.

या सिनेमांचा संगीतकार एन्निओ मोरिकोने, त्याच्याबद्दल वेगळा धागा लागेल. इथे दोनच गोष्टी. 'द गुड, द बॅड...'मध्ये तीच छोटी सुरावट तिघांना वाटून दिलीय: ईस्टवूडला बासरी, टुकोला माणसांचे आवाज आणि एंजल आइजला ओकारिना, म्हणजे मातीचं फुंकवाद्य. आणि इंडिओच्या चर्चमधल्या प्रसंगात घड्याळाच्या किणकिणीवर ऑर्गन चढतो तो बाखच्या 'टोकाटा अँड फ्यूग'मधला. चर्चमध्ये, चर्चच्याच वाद्यावर, खून.

जाता जाता चेहऱ्यांबद्दल. यातले बरेच सिनेमे टेक्निस्कोप पद्धतीने घेतले. नेहमी एका चौकटीला फिल्मची चार छिद्रं लागत, इथे दोनच. फिल्म निम्मी लागायची, म्हणजे पैसे वाचायचे. पण या पद्धतीत साधी लेन्स वापरून रुंद चित्र मिळायचं, कॅमेरा चेहऱ्याला भिडला तरी मागचा माळ बराचसा स्पष्ट राहायचा. व्हॅन क्लीफच्या डोळ्यांच्या बारीक फटी आपल्या लक्षात आहेत, त्यात या काटकसरीचाही वाटा आहे.

रानजाई

सगळ्यांनी मनापासून लिहिलंय, पण मला एक गोष्ट खटकते आणि ती बोलल्याशिवाय राहवत नाही.

चंद्रमौळी, तुम्ही लिहिलंत, 'एक खोली, एक तरुण जोडपं, तेच घड्याळ'. त्या खोलीत काय झालं ते स्पष्ट लिहू या. इंडिओ त्या तरुणाला मारतो, मुलीवर बलात्कार करतो, आणि ती त्याचंच पिस्तूल ओढून स्वतःला गोळी घालून घेते. सिनेमात तिला नाव नाही. तिच्या तोंडी एक वाक्य नाही. ती कर्नल मॉर्टिमरची, म्हणजे इंडिओच्या मागावर असलेल्या नायकाची, बहीण होती, हेही सगळं संपल्यावर कळतं. तिचा मृत्यू कशासाठी वापरलाय? तर खलनायकाला 'खोली' यावी म्हणून. तो गांजा ओढून झुरतो आणि आपण म्हणतो, वा, काय गुंतागुंतीचं पात्र!

मी हा सिनेमा तीनदा पाहिलाय, मलाही तो आवडतो, म्हणूनच हे बोचतं. खलनायक लक्षात राहतो आणि जिच्यामुळे राहतो ती फक्त घड्याळाच्या झाकणातला एक फोटो.

चंद्रमौळी

रानजाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. खरंय. मी ते वाक्य लिहिताना शब्द चोरले, कारण तो प्रसंग लिहायला जड गेला. पण चोरायला नको होते.

तुमचं बोलणं मनात ठेवून रात्री तो भाग परत पाहिला. तिने गोळी घालून घेतल्यावर इंडिओचा चेहरा जो दिसतो, त्यात पश्चात्ताप आहे असं आता मला वाटत नाही. ती त्याच्या हातातून निसटली, हे त्याला पचत नाही. त्यानंतर तो प्रत्येकाला घड्याळाची वेळ घालून मारतो, कारण ते एक मरण त्याच्या वेळेने झालं नाही. म्हणजे झुरणं कसलं, ती मालकी आहे. मी इतकी वर्षं त्याची कीव करत होतो.

माळरान

मी गेली अकरा वर्षं माद्रिदला आहे. गाव सोलापूर जिल्ह्यात, घरची शेती. इथे आल्यावर पहिल्या सुट्टीत अल्मेरियाला गेलो. हे सगळं 'अमेरिकी' वाळवंट स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यात आहे. ताबेर्नासजवळ एल पासो गावाचा सेट अजून उभा आहे, कार्लो सिमीने 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'साठी बांधलेला.

पण मला सांगायचंय ते लोस अल्बारिकोकेस या खेड्याबद्दल. सिनेमातलं आग्वा कालिएन्ते गाव ते हेच, इंडिओ आणि मॉर्टिमरचं शेवटचं द्वंद्व इथेच घेतलंय. पांढरी बुटकी घरं, निवडुंग, आणि गल्ल्यांना नटांची नावं. गावाच्या कडेला द्वंद्वाची ती गोल जागा. तिथे पोचलो आणि पायच थबकले. ते खळं आहे! अस्सल खळं. दगड बसवलेलं, मळणीसाठी केलेलं, स्पॅनिशमध्ये 'एरा' म्हणतात. आमच्या आजोबांच्या वेळचं खळं मी लहानपणी पाहिलंय, मधे तिवडा, भोवती बैल. सिनेमा दहा वेळा पाहूनही कळलं नव्हतं की हे लोक मळणीच्या जागेवर मारामारी करताहेत.

नंतर उत्तरेला बुर्गोस प्रांतात सॅड हिलची दफनभूमीही पाहिली. 'द गुड, द बॅड...'साठी स्पॅनिश सैनिकांनी ती उभारली, हजारो खोट्या थडग्यांची. पुढे सगळं मातीखाली गेलं. २०१५ पासून सिनेमावेड्या स्वयंसेवकांनी कुदळी-फावड्यांनी मधलं दगडी वर्तुळ उकरून काढलं. तेही खळ्यासारखंच. मी मधोमध उभा राहिलो. तिथे लपायला काहीही नाही. झाड नाही, भिंत नाही, दार नाही. इतका वेळ मागून, टेबलाखालून गोळ्या घालणारा खलनायक शेवटी अशा जागी आणून उभा करतात, जिथे त्याला दोन पाय आणि दोन हात एवढंच उरतं. व्हॅन क्लीफच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक नव्हतं, ते त्या द्वंद्वात जवळून दिसतं. तिथे उभं राहिल्यावर मला ते बोटच आठवत होतं.

कोंदण

माळरान, खळ्याचं वाचून फार छान वाटलं. फोटो असतील तर टाका.

पाटवाट

उशिरा आलो, पण लिओनेच्या पलीकडे कोणी गेलेलं नाही, म्हणून लिहितो.

सर्जिओ कोर्बुचीचा 'द ग्रेट सायलेन्स' (१९६८). वाळवंट नाही, नुसतं बर्फ. कथा युटामधली, १८९९ च्या हिमवादळाच्या सुमाराची. चित्रीकरण मात्र इटलीच्या डोलोमाइट डोंगरांत. नायक मुका, झाँ-लुई त्रँतिन्याँ. खलनायक क्लाउस किन्स्कीचा लोको. 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'मध्ये मॉर्टिमर झालेला व्हॅन क्लीफ ज्याच्या पाठीवर काडी ओढतो तो कुबडा किन्स्कीच होता. तिथे नुसता थरथरता राग. इथे तोच माणूस सौम्य बोलतो, अदबीने वागतो, आणि कायद्याच्या आत राहतो. हा माझ्या मते या सगळ्यांतला सर्वांत भयंकर खलनायक, कारण तो गुन्हेगार नाही. भुकेने डोंगरात पळालेल्या माणसांच्या डोक्यावर सरकारने बक्षीस लावलंय, हा त्यांना मारून रोख पैसे घेतो. प्रेतं बर्फात पुरून ठेवतो, सवडीने घेऊन जायला. धान्याची पोती ठेवावीत तशी.

आणि शेवटी तो जिंकतो. नायक मरतो, नायिका मरते, बांधून ठेवलेले गरीब मरतात. लोको घोड्यावर बसून निघून जातो. निर्मात्यांनी सुखान्त शेवटही चित्रित करून घेतला होता, पण जगाने लक्षात ठेवला तो हा.

इटलीत हे सिनेमे कोण काढत होतं ते पाहा. फॅसिझममध्ये लहानपण किंवा तारुण्य गेलेली पिढी. लिओनेचे वडीलही दिग्दर्शक, त्या राजवटीच्या मर्जीतून उतरलेले. सोलिमा युद्धात प्रतिकार चळवळीत होता. त्याच्या 'फेस टू फेस'मध्ये (१९६७) व्होलोन्तेच इतिहासाचा प्राध्यापक आहे. आजारी, सभ्य, पुस्तकात बुडालेला. दरोडेखोरांच्या सहवासात येतो आणि हळूहळू त्यांच्याहून क्रूर होतो, वर हिंसेचं तत्त्वज्ञानही सांगायला लागतो. तिसरी घंटा, तुम्ही ज्या छावणीचा उल्लेख केलात, तिथे आत हाल चालू असताना बाहेर कैद्यांचा वाद्यवृंद वाजवायला लावतात. नाझी छावण्यांत कैद्यांचे वाद्यवृंद असत, लिओनेच्या डोळ्यांसमोर तेच होतं. या लोकांनी खलनायक पुस्तकांतून घेतले नव्हते. त्यांच्या गल्लीतून ते गणवेश घालून गेले होते.

तिसरी घंटा

पाटवाट, नमस्कार तुम्हाला. 'फेस टू फेस' शोधून पाहणार.

कोंदण, तुमचा गब्बर राहिला. 'शोले' (१९७५) या सिनेमांचं देणं लागतो, हे उघड आहे. ठाकूरच्या कुटुंबाची हत्या मॅकबेनच्या हत्याकांडावरून बेतलेली, शेवटी लहान मुलगा उरणं आणि त्याच्यावर बंदूक रोखली जाणंही तिथलंच. लिओनेच्या त्या सिनेमाच्या, 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'च्या, सुरुवातीला एक बंदूकवाला माशीला पिस्तुलाच्या नळीत पकडून तिची गुणगुण ऐकत बसतो. गब्बर हातावर फिरणाऱ्या किड्याशी खेळतो आणि चिरडतो, की आपल्याला कळतं रहीमचाचांच्या मुलाचं काय होणार. अमजद खाननेही तेच केलं, घाई केली नाही. आणि 'शोले'तली आगगाडीवरची ती मोठी लढाई आपल्या पनवेलजवळ, मुंबई-पुणे मार्गावर चित्रित झाली आहे.

पण एक फरक मोठा आहे. गब्बर अनोळखी चेहरा होता. लिओनेने उलटं केलं. फ्रँकसाठी हेन्री फोंडा घेतला, 'यंग मिस्टर लिंकन'मधला (१९३९), '१२ अँग्री मेन'मधला (१९५७) सज्जन माणूस. फोंडा बिचारा मिशी लावून आणि निळे डोळे झाकायला तपकिरी लेन्सेस घालून आला, खलनायक दिसायला हवा ना! लिओनेने दोन्ही काढायला लावलं. त्याला तेच निळे डोळे हवे होते. कॅमेरा पाठीमागून फिरून त्या चेहऱ्यासमोर येतो, तेव्हा अमेरिकी प्रेक्षकाला काय वाटलं असेल!

चंद्रमौळी

फ्रँकवर आलोच आहोत तर माझ्या मूळ म्हणण्याला धक्का बसेल असं मीच लिहितो. फ्रँकला काहीच आठवत नाही. हार्मोनिका वाजवणारा तो माणूस कोण, हे तो सबंध सिनेमाभर विचारतो. उत्तर म्हणून प्रत्येक वेळी मेलेल्या माणसांची नावं मिळतात. ती सगळी त्यानेच मारलेली. पण ज्याचा भाऊ त्याने कमानीखाली फासावर चढवला, त्या पोराचा चेहरा फ्रँकच्या डोक्यात उरलेलाच नाही.

म्हणजे इंडिओ विसरू शकत नाही आणि फ्रँकला आठवत नाही. दोघेही माझ्या मनातून जात नाहीत. आता मला सांगा.

रीळ

चंद्रमौळी, तो भाग चौकट-चौकट पाहिलाय म्हणून सांगतो. सिनेमाभर एक धूसर आकृती कॅमेऱ्याकडे चालत येताना मधूनमधून दिसते. पूर्ण स्पष्ट होते ती शेवटच्या द्वंद्वात, तेव्हा कळतं की तो तरुण फ्रँक आहे. हातात हार्मोनिका, पुढे होऊन ती तो पोराच्या तोंडात कोंबतो. पोराच्या खांद्यावर त्याचा भाऊ उभा आहे, गळ्यात फास. पोराचे पाय डगमगले की भाऊ गेला. आता हे पाहा: 'फॉर अ फ्यू डॉलर्स...'मध्ये भूतकाळात आपल्याला नेतो तो इंडिओ, त्याच्या धुरातून. इथे धूसर आकृती स्पष्ट होते ती हार्मोनिकावाल्याच्या डोळ्यांतून. लिओनेने तीन वर्षांत आठवणीची बाजूच बदलली. फ्रँकला ती मरताना मिळते, तीही बाहेरून, हार्मोनिका त्याच्या तोंडात परत कोंबली जाते तेव्हा.

रानजाई

रीळ, हे माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं. पहिल्यात मुलीला नाव नाही, आणि दुसऱ्यात नाव मारणाऱ्याला आहे; ज्याच्यावर बेतली त्याला फक्त हार्मोनिका. तरी आठवण त्याची आहे.

उद्या सुट्टी आहे. लेकीला घेऊन बसते, तिने यातलं काहीच पाहिलेलं नाही. किड्यांची किरकिर बंद पडते तिथे तिला काही सांगणार नाही.